रिकाम्या खुर्च्या

२६ जानेवारी २०१५ रोजी मी दिल्लीत राजपथावर होतो. (२०२२ पासून त्याचे नाव कर्तव्यपथ आहे.) अमेरिकेचे अध्यक्ष प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे असण्याची ती पहिलीच वेळ. बंदोबस्त अर्थातच कडक होता. निमंत्रितांच्या एका कक्षाची व्यवस्था माझ्याकडे होती. पावसाची रिपरिप चालू होती, तरी सामान्य प्रेक्षकांची गर्दी हटली नव्हती.

निमंत्रित मात्र सगळे आले नाहीत. दोराच्या अलीकडे खुर्च्या रिकाम्या, पलीकडे माणसे भिजत उभी. एका वृद्ध गृहस्थांनी पत्नीचे गुडघे दुखत असल्याचे सांगून दोन खुर्च्या मागितल्या. त्यांच्या प्रवेशपत्रिकेचा रंग वेगळा होता. मी नम्रपणे नकार दिला. संचलन संपेपर्यंत त्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या.

त्याच दिवशी महाराष्ट्राचा पंढरीच्या वारीचा चित्ररथ समोरून गेला. पुढे त्याला पहिले पारितोषिकही मिळाले. दिंड्यांचे क्रम ठरलेले असतात, पण वारीत रिकामी जागा अडवून कोणी बसत नाही, हे मला तेव्हाच सुचायला हवे होते.

इतिहासात याच परिसरातला दुसरा एक सोहळा आहे. १५ ऑगस्ट १९४७ च्या संध्याकाळी इंडिया गेटजवळच्या प्रिन्सेस पार्कमध्ये ध्वजारोहण व्हायचे होते. सुमारे तीस हजार लोक येतील, असा प्रशासनाचा अंदाज होता. प्रत्यक्षात काही लाख लोटले. बैठकव्यवस्था, राखीव जागा, आखलेले संचलन, सारे त्या लोंढ्यात वाहून गेले. माउंटबॅटन यांना बग्गीतून खाली उतरणेही शक्य झाले नाही. त्यांनी तिथूनच ध्वजाला मानवंदना दिली. आकाशात त्या वेळी इंद्रधनुष्य उमटले होते, असे प्रत्यक्षदर्शींनी लिहून ठेवले आहे. कार्यक्रमपत्रिकेच्या दृष्टीने तो समारंभ फसला; लोकांच्या दृष्टीने त्याच्याइतका यशस्वी समारंभ दुसरा झाला नसावा.

२६ जानेवारी १९५० चे पहिले संचलन आयर्विन स्टेडियममध्ये, म्हणजे भिंतींच्या आत झाले. १९५५ पासून ते राजपथावर स्थिरावले, आणि पुढच्या दशकांत कठडे, तपासण्या, प्रवेशपत्रिका वाढत गेल्या.

यात प्रशासनाचा केवळ अहंकार पाहणे अन्यायाचे होईल. ३ फेब्रुवारी १९५४ रोजी प्रयागच्या कुंभमेळ्यात मौनी अमावास्येला चेंगराचेंगरी होऊन शेकडो भाविक मृत्युमुखी पडले. १९४७ मध्ये दिल्लीत जे आनंदाने निभावले, ते दर वेळी निभावेलच असे नाही. गर्दीचा अंदाज चुकणे ही आकडेमोडीतली साधी चूक नसते. तिची किंमत माणसे प्राणांनी मोजतात. म्हणून दोर हवाच.

पण दोर कशासाठी, हे दोर धरणाऱ्याला आठवले पाहिजे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला वाटप समजते : जागा थोड्या, इच्छुक अनेक, तेव्हा काही निकष लागणारच. मात्र ज्या वस्तूचा तुटवडा उरलेला नाही तिचेही वाटप चालू ठेवणे, याला व्यवस्था म्हणत नाहीत. ते दोघेही तपासणीतून आलेले होते. त्यांना आत घेतल्याने सुरक्षेला धोका नव्हता. धोका होता तो फक्त माझ्या यादीच्या नीटनेटकेपणाला. वरिष्ठांना एकदा विचारणे मला शक्य होते. मी विचारले नाही, कारण नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला आपल्याकडे सहसा कोणी जाब विचारत नाही.

त्यानंतर ज्या ज्या समारंभाची जबाबदारी माझ्याकडे आली, त्याच्या टिपणात मी एक ओळ आवर्जून घातली : कार्यक्रम सुरू झाल्यावर ठरावीक वेळेनंतर रिकाम्या जागा मागच्यांना द्याव्यात. ओळ साधीच आहे. त्या दांपत्याला मात्र तिचा काही उपयोग झाला नाही.