मोडेम, पण वाकणार नाही

आमच्या घराण्यात कुठलंही नवीन यंत्र आलं की ते आधी धुळ्याला मामांकडे येतं. गल्लीतला पहिला मिक्सर मामांचा. पहिला कॉर्डलेस फोन मामांचा. (त्यावर अधूनमधून शेजाऱ्यांचं बोलणं ऐकू यायचं, त्यामुळे तो मामांपेक्षा मामींना जास्त आवडला.) आणि १९९७ साली कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचा फॅक्स मोडेम, तोही पहिला मामांचाच. मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून कोणीतरी तो पायमोज्यात गुंडाळून आणला होता.

मामांचा व्यापार मिरचीचा. दोंडाईच्याच्या मिरचीने त्यांना आयुष्यभर पैसा आणि शिंका सारख्याच प्रमाणात दिल्या. हिशेबासाठी घेतलेला कॉम्प्युटर पेढीच्या मागच्या खोलीत, मिरचीच्या वासात, क्रोशाच्या रुमालाखाली सुखाने नांदत होता. श्रावण सुरू होता. मला जळगावला फोन आला.

"भाचे, उद्याच्या एस.टी.नं निघून ये. मोडेन आलाय."

"काय मोडलं, मामा?"

"मोडलं काही नाही रे. मोडेन आलाय. बसवायचाय."

मी तेव्हा एस. वाय. बी. कॉम.ला होतो. सहा महिन्यांचा एक कॉम्प्युटर कोर्स केला होता. त्यात कॉम्प्युटर चालू करण्याआधी चपला बाहेर काढायला शिकवलं होतं. त्याच्या पोटात काय असतं हे मला ठाऊक नव्हतं. पण मामांनी बोलावलं आणि भाचा गेला नाही, असं आमच्या खानदेशात होत नाही. एरंडोल, पारोळा करीत मी धुळ्याला पोचलो. कॅप्टन ब्रिग्जने आखलेल्या त्या सरळसोट नंबरी गल्ल्यांमध्ये मला कधी घर सापडत नाही. गावात सगळं सरळ असलं की माणूस चुकतो.

मोडेम कशाला हवा होता, तर आजीसाठी. आजीला ऐकू येत नसे. धाकटे मामा न्यू जर्सीला. त्यांचा फोन आला की आजी रिसीव्हर कानाला लावून "हां, हां, बरी आहे" असं आपल्या अंदाजाने बोलून ठेवून द्यायची. पत्राला पंधरा दिवस लागायचे. त्यात आजोबा गेले तेव्हा धाकट्या मामांना येता आलं नव्हतं. तिकडच्या कागदपत्रांचं काहीतरी अडलं होतं. आजीने त्याबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नाही, आणि घरात सगळ्यांना भीती त्याचीच होती. आता दिवाळीला ते येणार की नाही, एवढाच प्रश्न होता. तो कोणी विचारायचा नाही, असं घरात न बोलता ठरलं होतं.

मामांचं म्हणणं असं, की फॅक्समधून अक्षर येतं. टाईप केलेलं नव्हे, हाताचं. आजी चौथी शिकलेली. पोराचं अक्षर ओळखेल. बाजारात फॅक्सचं बूथ होतं, पण घरचं पत्र बूथवाल्याने आधी वाचावं हे मामांना पसंत नव्हतं. बूथवाल्याने वाचलं म्हणजे गल्लीने वाचलं.

इथे थोडा इतिहास सांगतो. फॅक्स म्हणजे अगदी अलीकडची वस्तू, असं आपल्याला वाटतं. ती टेलिफोनच्या आधीची आहे! अलेक्झांडर बेन या स्कॉटलंडच्या घड्याळजीने तारेवरून चित्र पाठवण्याचं पेटंट १८४३ साली घेतलं. टेलिफोन आला १८७६ साली. म्हणजे माणसाला दूरवर बोलायचं सुचण्याआधी तेहतीस वर्षं दूरवर कागद पाठवायचं सुचलेलं होतं, आणि सरकारी कचेऱ्या पाहिल्या की ते पटतं. पुढे जिओव्हान्नी कासेली नावाच्या इटालियन पाद्र्याने १८६५ साली पॅरिस ते ल्यों अशी फॅक्सची सेवाच सुरू केली. तिचा मुख्य उपयोग कशासाठी व्हायचा? बँकेत सह्या ताडून पाहण्यासाठी! हे मला बँकेत लागल्यावर कळलं, आणि तेव्हापासून सही जुळत नाही म्हणून चेक परत करताना आपल्यामागे एक पाद्री उभा आहे असं मला वाटतं.

आपल्याकडे तारेची सुरुवात केली एका डॉक्टरने. डॉ. ओशॉनेसी हे कलकत्त्याचे सर्जन. गांजाचे औषधी उपयोग विलायतेला कळवले तेही यांनीच. या दोन कामांचा एकमेकांशी संबंध होता का, हे विचारायला आता कोणी उरलेलं नाही. १८५४ च्या मार्चमध्ये आग्र्याहून कलकत्त्याला पहिली तार गेली आणि त्याच सुमारास दुसरी लाईन आग्र्याहून इंदूरमार्गे मुंबईला आली. मुंबई–आग्रा रस्ता कुठल्या गावातून जातो हे धुळेकराला सांगण्याची गरज नाही. ती तार २०१३ च्या जुलैत बंद झाली. पण १९९७ साली आमच्या घरात अजून तार म्हटलं की बायका आधी पदर तोंडाला लावायच्या.

मोडेमचं नाव म्हणजे मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर यांचा समास. कॉम्प्युटरला फक्त शून्य आणि एक कळतं. टेलिफोनच्या तारेला फक्त आवाज कळतो. मधला हा दुभाषी आकड्यांचा आवाज करतो आणि आवाजाचे आकडे करतो. डेनिस हेस या अमेरिकन गृहस्थाने अटलांटा शहरात आपल्या जेवणाच्या टेबलावर मोडेम बनवायला सुरुवात केली आणि १९८१ साली त्याच्या कंपनीने असा मोडेम काढला, की ज्याला कॉम्प्युटरकडूनच हुकूम देता येत. प्रत्येक हुकमाच्या आधी 'एटी' लिहायचं. एटी म्हणजे अटेन्शन. थोडक्यात, सावधान! पुढे जगातले बहुतेक मोडेम हीच भाषा बोलू लागले.

आमचा मोडेम मात्र एका शब्दाने बोलेना.

आधी तो खाचेत बसेना. मी दाबतो, तो वाकतो. मामा म्हणाले, "जोर लाव." मी म्हटलं, "मोडेल." मामा म्हणाले, "नावच मोडेन आहे, त्याला काय होतंय?" शेवटी मामींनी येऊन वरणाच्या डब्याचं झाकण लावावं तसा तळहाताने एक दाब दिला आणि तो खट् आवाज करून बसला. मामी निघून गेल्या. या सबंध प्रकरणात बिनचूक झालेलं तांत्रिक काम हे एवढंच.

मग निराळंच सुरू झालं. मोडेम नंबर फिरवायला लागला की माऊस मरायचा. माऊस हलवला की मोडेम मरायचा. मामांना वाटलं करंट कमी पडतोय, म्हणून त्यांनी घरातले पंखे बंद केले. दोन दिवस आम्ही घामाघूम होऊन बसलो. तिसऱ्या दिवशी मोडेमबरोबर आलेल्या पुस्तिकेत मला एक तक्ता सापडला. बँकेच्या भाषेत सांगायचं तर असं: कॉम्प्युटरचा प्रोसेसर म्हणजे मॅनेजर. ज्याला त्याच्याशी काम असेल त्याने आपापली घंटी वाजवायची. माऊस बसला होता कॉम १ या खिडकीवर, त्याची घंटी चार नंबरची. मोडेम बसला होता कॉम ३ वर. खिडकी वेगळी, पण घंटी तीच, चार नंबरची! एकाने वाजवली की मॅनेजर भलत्याकडेच बघायचा. उपाय असा, की मोडेमवरचे ज्वारीच्या दाण्याएवढे दोन जंपर उचलून दुसऱ्या खुंट्यांवर बसवायचे, म्हणजे मोडेम कॉम २ वर जातो आणि त्याला तीन नंबरची घंटी मिळते. शिवाय मशीनमधलं मूळचं कॉम २ बंद करून ठेवायचं, नाहीतर त्या दोघांचं जुंपतं. एक जंपर खाली पडला आणि मिरच्यांच्या बियांत मिसळला. तो शोधताना मी जे शिंकलो ते असो.

माऊस जिवंत झाला. मग पडद्यावर आलं, "नो डायल टोन". मामांनी टेलिफोन उचलून माझ्या कानाला लावला. टोन ढळढळीत येत होता. "मग हा बहिरा आहे का?" मामा म्हणाले. आजी समोरच बसली होती, म्हणून वाक्य संपताना त्यांचा आवाज खाली आला. खरी गोम अशी होती, की मोडेम अमेरिकन वळणाचा. तिकडचा टोन दोन सुरांचा, ३५० आणि ४४० हर्ट्झचा, सलग. आपला ४०० हर्ट्झचा, थरथरणारा. पाहुण्याला आपला टोन हा टोनच वाटत नव्हता. यावरचा हुकूम 'एटीएक्स३'. त्याचा अर्थ, टोनची वाट पाहू नकोस, सरळ नंबर लाव. तो दिला मात्र, आणि जळगावच्या एका ओळखीच्या फॅक्सला नंबर लागला!

दोन यंत्रं भेटली की आधी किंचाळतात. ती व्याह्यांची बैठक असते. मला एवढा वेग जमेल, तुम्हाला? नाही हो, आमची लाईन जुनी, जरा खाली या. मग दोघे उतरत उतरत कुठेतरी एकमत करतात आणि पुढचा व्यवहार मुकाट्याने होतो. मामांनी स्पीकरचा आवाज पूर्ण मोठा ठेवला होता. ती किंकाळी सुरू झाली आणि आजीने मान वर केली.

"कोन रडी ऱ्हायनं रे?"

खोलीत कोणी बोलेना. किती वर्षांत आजीला टेलिफोनच्या तारेवरचं काही ऐकू आलं होतं, तर ते हे.

ठरल्याप्रमाणे धाकट्या मामांचा फॅक्स आला संध्याकाळी सात वाजता. तिकडे सकाळचे साडेनऊ. फॅक्स कागद वरून खाली वाचतो, एका वेळी केसाएवढी आडवी पट्टी. जगभर चाललेला हा नियम १९८० सालचा. त्याने साधारण मिनिटभरात एक पान जातं. पण धाकटे मामा वळणाचे. त्यांनी वरचं अर्धं पान 'तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष' यातच घालवलं. मोडेमचा एक दिवा लुकलुकत होता. आणि माडीवरचे मामा, फॅक्स नीट येतोय ना हे ऐकण्यासाठी, वरच्या फोनचा रिसीव्हर उचलते झाले.

लाईन तुटली. पडद्यावर आलं ते अर्धं पान. शेवटची पुरी ओळ अशी: "तर आई, मी या दिवाळीला".

इंग्रजीत लिहिलं असतं तर येणार की नाही ते आधी कळलं असतं आणि दिवाळी मागून आली असती. आपलं क्रियापद शेवटी! लाईन कधीही जाऊ शकते अशा देशात वाक्यं अशी बांधणारे आपले पूर्वज धीराचे असले पाहिजेत.

पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती. पुढच्या ओळीचा फक्त माथा आला होता. दोन शब्दांची शिरोरेषा आणि तिच्या वरच्या खुणा. पहिल्या शब्दाच्या सुरुवातीला एक मात्रा, म्हणजे 'येणार' असणार. दुसऱ्या शब्दाच्या शेवटी एक तिरकी रेघ. ती मात्रा असेल तर 'आहे'. वेलांटीचा माथा असेल तर 'नाही'.

मामांनी पान डॉट मॅट्रिक्सवर छापून काढलं. त्याने रेघेचे चार ठिपके केले. धुळ्यात अशा कामाला माणसं मिळतात. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली इथेच वारले, आणि १९२७ साली त्यांच्या नावाने संशोधन मंडळ निघालं; फाटका कागद म्हटला की या गावात अजून चष्मे पुसले जातात. शेजारचे निवृत्त गुरुजी मोडी वाचायचे. त्यांनी भिंग लावून पाहिलं, ठिपके मोजले, "नक्कल आहे. अस्सल पाहिल्याशिवाय सांगता येत नाही" असं म्हणाले आणि चहा घेऊन गेले. मामा म्हणाले वेलांटी. मामी म्हणाल्या, काही असो, फराळाचं सामान आणून ठेवते.

आजीने कागद डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ.

"मात्राच शे," ती म्हणाली. "तो येई."

रात्री बारा वाजता फॅक्स पुन्हा आला. या खेपेला माडीवरचा फोन काढून मामींनी कपाटात ठेवला होता. पुरा आला. वेलांटी होती. रजा मिळत नव्हती. मार्चमध्ये येईन, असं खाली लिहिलं होतं. मामांनी तो आजीला सकाळी दाखवला. तिने वाचला, घडी घातली आणि मामांना परत दिला. आधीचा अर्धा मात्र मागून घेतला.

धाकटे मामा मार्चमध्ये आले, महिनाभर राहिले. मोडेम पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसाच्या विजेने गेला. टेलिफोनच्या तारेतून वीज आत शिरली आणि मशीनमधून मिरचीच्या फोडणीसारखा वास आला. इंटरनेट म्हणाल तर ते मुंबईत १५ ऑगस्ट १९९५ लाच आलं होतं, पण चित्रांसकट हवं असेल तर वर्षाला १५,००० रुपये, म्हणून मामांनी हात जोडले होते. १९९८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाल्यावर ते स्वस्त झालं, आणि मामांनी दुसरा मोडेम घेतला. तो बसवायलाही मीच गेलो.

आजी २००४ साली गेली. दहाव्याच्या आदल्या रात्री तिच्या पोथीत तो अर्धा कागद सापडला. बूथवरच्या गुळगुळीत कागदावर असता तर केव्हाच पांढरा पडला असता. डॉट मॅट्रिक्सची शाई मात्र टिकली होती. धाकटे मामा या खेपेला पोचले होते. त्यांनी चष्मा वर करून तो कागद दिव्याखाली धरला.

"हे मी केव्हा लिहिलं होतं रे?" त्यांनी विचारलं. "'या दिवाळीला'... आणि खाली 'येणार आहे' दिसतंय. मात्रा आहे ना ही?"

मामा काही बोलले नाहीत. मी हो म्हटलं.