सैनिक पुनर्वसन आणि प्रतिपालक कुटुंबे : कंपन्यांचा निधी पोहोचतो कसा?

कोलकाता : हुगळीकाठचा गार्डन रीच परिसर युद्धनौकांच्या बांधणीसाठी ओळखला जातो. येथील १८८४ मध्ये स्थापन झालेला कारखाना केंद्र सरकारने १९६० मध्ये ताब्यात घेतला. ‘गार्डन रीच शिपबिल्डर्स अँड इंजिनिअर्स’ या नावाने आज कार्यरत असलेल्या या कंपनीने २०१९ मध्ये शंभरावी युद्धनौका सुपूर्द केली. अशा नफ्यातील सरकारी कंपन्यांनाही सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) कायदा लागू आहे. मात्र या निधीचा जखमी सैनिकापर्यंतचा मार्ग सरळ आहे, तर परक्या मुलाला घरात सांभाळणाऱ्या कुटुंबापर्यंतचा तसा नाही.

कायदेशीर तरतूद

कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करणे अपेक्षित आहे. कंपनीच्या कार्यक्षेत्रातील स्थानिक भागाला प्राधान्य द्यावे लागते. खर्चाचे विषय सातव्या अनुसूचीत नमूद आहेत.

जखमी सैनिक

या अनुसूचीत माजी सैनिक, युद्धात पतीला गमावलेल्या वीरपत्नी आणि त्यांचे अवलंबित यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे कंपन्या सशस्त्र सेना ध्वजदिन निधीला देणगी देऊ शकतात. केंद्रीय सैनिक मंडळामार्फत चालणाऱ्या या निधीतून खडकी व मोहाली येथील पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रांना अनुदान मिळते. मणक्याच्या दुखापतीमुळे अंग लुळे पडलेल्या सैनिकांची तेथे देखभाल होते. जायबंदी जवानांना व्यवसाय शिकविणारी खडकीची क्वीन मेरीज तांत्रिक संस्था १९१७ पासूनची आहे.

उपचारांनंतर रोजगाराचीही गरज असते. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर यांना पुण्यात ‘टेल्को’मध्ये नोकरी मिळाली. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी जलतरणात सुवर्णपदक जिंकले.

प्रतिपालक कुटुंबे

प्रतिपालकत्व म्हणजे दत्तकविधान नव्हे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ४४ नुसार बाल कल्याण समिती गरजू मुलाला सांभाळण्यासाठी एखाद्या कुटुंबाकडे सोपविते. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत अशा मुलासाठी दरमहा ४,००० रुपये, तर महाराष्ट्राच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत २,२५० रुपये साहाय्य आहे.

मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय असावा, हे बाल न्याय कायद्याचे तत्त्व आहे. कंपनी कायद्याच्या अनुसूचीत मात्र अनाथांसाठीची गृहे व वसतिगृहे नमूद आहेत. प्रतिपालक कुटुंबांचा नामोल्लेख नाही. अनुसूचीचा अर्थ व्यापकपणे लावावा, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम १०५ नुसार राज्य सरकारे स्थापन करू शकतील अशा निधीलाही व्यक्ती आणि संस्था देणगी देऊ शकतात.

मुदतीचा प्रश्न

इमारत एकदा उभी राहते. संगोपन वर्षानुवर्षे चालते. सामाजिक दायित्वाच्या नियमांनुसार ‘चालू प्रकल्पा’ची मुदत आरंभाचे वर्ष वगळून कमाल तीन वर्षे असते. सहाव्या वर्षी कुटुंबात आलेल्या मुलाला मात्र अठराव्या वर्षापर्यंत आधार लागू शकतो.