जुना गेम, नवं मशीन

मंडळी, 'डेंजरस डेव्ह' आठवतोय? नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटर क्लास लावला त्यांना नक्की आठवेल. सर बाहेर गेले की दहा मिनिटं डेव्ह, नाहीतर 'प्रिन्स ऑफ पर्शिया'! परवा एका जुन्या सीडीवर ती फाइल सापडली. मोठ्या हौसेने लॅपटॉपवर डबल-क्लिक केलं... सरळ नकार. फाइलमधला एक बाइटही बदललेला नाही. मग बिघडलं काय?

गेममध्ये काहीच बिघडलेलं नाही. तो ज्या जमिनीवर उभा होता, ती सरकली. आणि ही सरकासरकी बरीच जुनी आहे.

पहिलं भांडण वेगाचं. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा. कित्येक गेम हाच वेग गृहीत धरून लिहिलेले. प्रोसेसर वेगवान झाले आणि या गेममधलं सगळं सुसाट पळायला लागलं. म्हणून कॅबिनेटवर 'टर्बो' बटण आलं. नाव टर्बो, पण खरा उपयोग मशीन हळू करण्याचा!

१९९४ च्या 'जॅझ जॅकरॅबिट'ची गंमत तर औरच. तो टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला. या पास्कलचं क्रट युनिट सुरुवातीलाच मशीनचा वेग मोजतं. घड्याळाच्या एका टिकमध्ये, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, लूप किती वेळा फिरलं ते मोजायचं आणि त्याला ५५ ने भागायचं. मशीन साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे गेलं की उत्तर १६ बिटांत मावेना. मग 'रनटाइम एरर २००', म्हणजे शून्याने भागाकार! शून्याने कोणीच भागलं नव्हतं. मशीन फार चांगलं होतं, एवढाच गुन्हा.

दुसरा टप्पा ऑपरेटिंग सिस्टिमने पडतं घेण्याचा. जोएल स्पॉल्स्की यांनी २००४ साली एक किस्सा लिहिला होता. विंडोज ३.x वरच्या 'सिमसिटी'त एक चूक होती. सोडून दिलेली मेमरी तो लगेच परत वाचायचा. जुन्या विंडोजवर खपून गेलं, विंडोज ९५ वर गेम कोसळायला लागला. चूक गेमची, पण शिव्या विंडोजला बसणार! म्हणून मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी गेम डीबगरमध्ये घालून चूक शोधली आणि विंडोजमध्येच सोय केली. सिमसिटी चालू असेल तर सोडलेली मेमरी वापरू द्यायची. दुसऱ्याची चूक आपल्या घरात सांभाळायची, म्हणजे काय म्हणाल!

पण हे उपकार कायमचे नसतात. २००१ च्या एक्सपीबरोबर घरगुती विंडोज एनटीच्या पायावर आली. डॉसचे गेम साउंड कार्डाशी थेट बोलायचे, एनटीला ते चालत नाही. पुढे ६४ बिट विंडोजमधून डॉसचा उरलासुरला आधारही गेला, कारण डॉस चालवायला लागणारा ८०८६चा मोड ६४ बिटमध्ये प्रोसेसरच देत नाही. २०२१ ची विंडोज ११ तर फक्त ६४ बिटच आली.

मग उरला तिसरा मार्ग. अख्खं जुनं मशीनच सॉफ्टवेअरमध्ये बांधायचं! २००२ साली पीटर व्हीन्स्ट्रा आणि स्योर्ड व्हान डेर बर्ग यांनी 'डॉसबॉक्स' आणला. त्यात प्रोसेसर, साउंड ब्लास्टर, व्हीजीए, डॉस, सगळं नकली. गेमला पत्ताही लागत नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या पोलंडच्या 'गुड ओल्ड गेम्स'ने जुने गेम परत विकायला काढले, तेव्हा त्यांनीही डॉसचे गेम याच डॉसबॉक्सवर बसवले.

मला वाटतं, खरा फरक इथे आहे. विंडोजने दिलेली सोय विंडोजच्या मर्जीवर. डॉसबॉक्सचा सोर्स कोड मात्र सगळ्यांसाठी खुला. उद्या कुठलंही मशीन येऊ दे, कोणीतरी तो पुन्हा कंपाइल करील आणि डेव्ह परत उड्या मारील. आपण ऑफिसात रोज जो कोड लिहितो, त्याच्यासाठी असं कोण करणार? विचार करून बघा.

असो. डॉसबॉक्समध्ये एखादा गेम फार पळायला लागला तर कंट्रोल-एफ११ दाबा, तो हळू होतो. म्हणजे ते टर्बो बटण शेवटी परत आलंच की!