तळटीप : ४२ आयसिस

मूळ मजकुरात उल्लेखलेला हा लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधल्या पट्ट्यातला. नॉर्मन पॉग्सन यांनी तो २३ मे १८५६ रोजी ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेतून शोधला. नाव इजिप्तच्या देवतेचे, म्हणजे तेव्हाच्या रिवाजाला धरूनच. पण ते सुचवणारे वेधशाळेचे प्रमुख मॅन्युएल जॉन्सन यांच्या डोळ्यांपुढे पॉग्सन यांची लहानगी लेक होती : एलिझाबेथ आयसिस. (ऑक्सफर्डमध्ये थेम्स नदीलाही आयसिसच म्हणतात.)

लेकीची हकिकत लघुग्रहाहून रंजक आहे. १८६१ मध्ये पॉग्सन मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. त्याच वर्षी तिथून त्यांना सापडलेल्या लघुग्रहाला, क्रमांक ६७, ‘एशिया’ हे नाव मिळाले. आशियातून शोधला गेलेला तो पहिलाच. आयसिसबाई १८७३ मध्ये याच वेधशाळेत वडिलांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून रुजू झाल्या आणि पुढे मद्रास सरकारचे हवामानविषयक कामही त्यांनी सांभाळले.

आकाशात नाव होते, लंडनच्या सभासद-यादीत मात्र नाही. १८८६ मध्ये वडिलांनी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीकडे त्यांचे नाव पाठवले, तेव्हा सनदेनुसार स्त्रियांना प्रवेश नाही असा सल्ला वकिलांनी दिला. सदस्यत्व मिळाले ते १९२० मध्ये, तब्बल ३४ वर्षांनी. — संपा.