कोष्टकांचे कोष्टक

शाळेचे जनरल रजिस्टर उघडले, की पानाच्या माथ्यावर रकान्यांची नावे छापलेली असतात: रजिस्टर क्रमांक, विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, शेरा. समजा, ही माथ्याची पट्टी कात्रीने कापून टाकली आणि उरलेली पाने एखाद्या नवख्या माणसाच्या हाती दिली, तर? तीन तारखांपैकी जन्माची कोणती, हे तो कदाचित तर्काने ओळखेल. सगळेच रकाने इतके सोपे नसतात.

मी संशोधनाला सुरुवात केली तेव्हा जुन्या मोजमापांची एक फाइल माझ्या हाती आली होती. प्रत्येक ओळीत अकरा आकडे होते. रकान्यांचा अर्थ ज्या वहीत लिहिला होता, ती वही मात्र हरवली होती. तिसरा आकडा तापमानाचा असावा, हे त्याच्या चढउतारावरून ठरवता आले. सातव्याचे एकक शेवटपर्यंत कळले नाही. कुणीतरी कष्टाने घेतलेली ती सगळी वाचने सोडून द्यावी लागली.

१९६० च्या दशकात संगणकावरील बहुतेक फाइली अशाच माथा नसलेल्या असत. कोबोल भाषेत नोंदीची रचना, म्हणजे पहिली सहा अक्षरे क्रमांकाची, पुढची तीस नावाची, ही प्रत्येक प्रोग्रॅमच्या आत लिहिलेली असे. फाइलमध्ये नुसती अक्षरांची माळ. नावासाठी तीसऐवजी चाळीस अक्षरे हवी झाली, की ती फाइल वाचणारा प्रत्येक प्रोग्रॅम शोधून दुरुस्त करायचा.

जून १९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड या गणितज्ञाने एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सगळी माहिती साध्या कोष्टकांच्या रूपात मांडावी आणि ती यंत्रात कुठे व कशी ठेवली आहे, हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये, असा त्याचा आशय होता. 'रिलेशनल' हा शब्द इथूनच आला. यातले 'रिलेशन' म्हणजे संचांच्या धड्यात आपण शिकवतो तोच गणिती संबंध. कोष्टकांचे आपसातले नाते असा त्याचा अर्थ पुष्कळदा सांगितला जातो, तो बरोबर नाही.

ही कल्पना प्रत्यक्षात उतरवण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले: आयबीएममध्ये 'सिस्टिम आर' आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत 'इंग्रेस'. दोन्हींचे सविस्तर वर्णन १९७६ मध्ये छापून आले. दोन्ही गटांपुढे एक प्रश्न होता. कोणती कोष्टके आहेत, त्यांत कोणते रकाने आहेत, ही माथ्याची माहिती कुठे ठेवायची? दोघांनीही तीच युक्ती केली: तीही कोष्टकांतच ठेवायची. इंग्रेसमध्ये 'रिलेशन' नावाच्या कोष्टकात प्रत्येक कोष्टकासाठी एक ओळ असे आणि 'अ‍ॅट्रिब्यूट' नावाच्या कोष्टकात प्रत्येक रकान्यासाठी एक. विद्यार्थ्यांची नावे ज्या भाषेत विचारायची, त्याच भाषेत रकान्यांची नावेही विचारता येऊ लागली.

यात एक गंमत आहे. 'रिलेशन' हेही एक कोष्टकच. म्हणून त्याच्यात स्वतःविषयीही एक ओळ असते. मग ती ओळ वाचण्यापूर्वी तिचे रकाने संगणकाला कळणार कसे? तेव्हा या मोजक्या मूळ कोष्टकांची रचना प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवावी लागते. कापून टाकलेली कोबोलची पद्धत इथे कोपऱ्यात तग धरून आहेच!

१९८० च्या दशकात 'रिलेशनल' हा शब्द विक्रीचा झाला आणि जुन्याच मालावर नवी चिठ्ठी लागू लागली. तेव्हा ऑक्टोबर १९८५ मध्ये कॉड यांनी 'कॉम्प्युटरवर्ल्ड' या साप्ताहिकात आपले प्रसिद्ध बारा नियम मांडले. (मोजणी शून्यापासून असल्याने ते खरे तेरा आहेत.) त्यांतला चौथा नियम हाच: डेटाबेसचे वर्णन हे डेटासारखेच, त्याच भाषेत विचारता आले पाहिजे. १९९२ च्या एसक्यूएल प्रमाणकात या कोष्टकांना 'इन्फर्मेशन स्कीमा' हे ठरावीक नाव मिळाले.

रकान्यांची नावे सांगणे सोपे होते. खरी अडचण 'व्ह्यू'ची होती. व्ह्यू म्हणजे वेगळे न साठवता, मागितल्यावर तयार होणारे कोष्टक. जसे, 'शाळा सोडल्याची तारीख कोरी असलेले विद्यार्थी'. त्याची व्याख्या हेच एक वाक्य असते. मग काय जपायचे: लिहिणाऱ्याचे शब्द, की त्या शब्दांचा अर्थ?

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरने शब्द जपले. २००५ च्या आवृत्तीत त्यासाठी 'ऑब्जेक्ट-डेफिनिशन' हे फंक्शन आले. व्ह्यूचे नाव दिले, की लिहिलेला मजकूर टिपांसकट परत मिळतो. मात्र मूळ कोष्टकातल्या एखाद्या रकान्याचे नाव बदलले, तरी मजकुरात जुनेच नाव राहते आणि व्ह्यू बिघडतो.

इंग्रेसच्या वंशातल्या पोस्टग्रेसने अर्थ जपला. तिथे वाक्य वाचून त्याचे पदच्छेद केलेले झाड साठवले जाते आणि झाडावर रकान्याच्या नावाऐवजी त्याचा क्रमांक असतो. १९९८ च्या सुमारास तिच्यात आलेले 'पीजी-गेट-व्ह्यूडेफ' हे फंक्शन या झाडावरून वाक्य पुन्हा रचते. मूळ कोष्टकात 'जन्मतारीख'चे 'जन्मदिनांक' करा आणि व्याख्या विचारा. उत्तर येते: 'जन्मदिनांक' घ्या आणि त्याला 'जन्मतारीख' म्हणा. व्ह्यू चालूच राहतो. 'सगळे रकाने' असे लिहून व्ह्यू केला असेल, तर त्या दिवशी होते तेवढ्या रकान्यांची नावे एकेक करून परत येतात. नंतर जोडलेला रकाना त्यांत नसतो.

मला दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो, पण त्याची किंमत मी मोजली आहे. आमच्या मोजमापांच्या एका व्ह्यूमध्ये मी ऋण वाचने वगळण्याची अट घातली होती. उपकरण बंद असताना ते उणे एक लिहीत असे, हे कारणही त्याच वाक्यात टीप म्हणून लिहिले होते. दोन वर्षांनी एका विद्यार्थिनीने व्याख्या मागवली. अट आली, टीप आली नाही, कारण झाडाला टिपांची पाने फुटत नाहीत. तिला ती अट निष्कारण वाटली आणि तिने ती काढली. महिन्याच्या सरासऱ्या खाली का आल्या, हे शोधण्यात आमचे आठ दिवस गेले. दोष तिचा नव्हता. टीप जपण्यासाठी पोस्टग्रेसमध्ये 'कमेंट' ही वेगळी आज्ञा आहे, ती मी वापरली नव्हती. त्या आज्ञेने दिलेली टीप आणखी एका कोष्टकात, एक ओळ होऊन बसते.