मोटारसायकलची चेन : ढिलाई आणि जुळणी

इंजिनाची ताकद मागच्या चाकाला पोचवणाऱ्या चेनमध्ये मुद्दाम राखलेली सैल जागा म्हणजे चेनची ढिलाई. ती खालच्या पदराच्या मध्यावर मोजतात. तिथे चेन बोटाने खाली ओढायची, मग वर उचलायची. या दोन टोकांमध्ये पडणारे अंतर म्हणजे ढिलाई. 100 सीसीच्या बहुतेक जुन्या गाड्यांत हे अंतर साधारण 20 ते 30 मिमी ठेवतात. ज्या गाडीची पुस्तिका उपलब्ध आहे तिच्यासाठी पुस्तिकेतलाच आकडा प्रमाण मानावा.

ही ढिलाई का लागते, हे मागचे चाक वर-खाली होते तेव्हा कळते. चाक ज्या दुहेरी दांड्यात बसते त्याला गॅरेजात चिमटा म्हणतात. चिमटा ज्या बोल्टवर फिरतो तो बोल्ट पुढच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाच्या, थोडा मागे असतो. त्यामुळे चाक खड्ड्यात आदळले किंवा मागे वजन बसले की पुढचे स्प्रॉकेट आणि मागचा ॲक्सल यांतले अंतर वाढते. पुढचे स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि ॲक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की हे अंतर सर्वांत जास्त होते आणि चेन सर्वांत ताणली जाते. मेन स्टँडवर चाक मोकळे लटकत असते, म्हणून तिथे मोजलेली ढिलाई भरल्या गाडीवर तेवढी उरत नाही. स्टँडवर ‘टाईट’ करून घेतलेली चेन रस्त्यावर जाच होते: गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टचे बेअरिंग आणि ऑइल सील, मागच्या चाकाचे बेअरिंग आणि चेनच्या पिना या सर्वांवर तो ताण येतो. फार ढिली चेन कव्हरला घासून खडखडते, दातांवरून उडते आणि निसटून अडकली तर चाक जाम करते. दोन्ही धोके खरे आहेत. पण ढिली चेन आवाज करून सांगते, ताणलेली चेन बेअरिंग जाईपर्यंत गप्प राहते. म्हणून शंका असेल तेव्हा दिलेल्या मर्यादेतली सैल बाजू निवडावी.

वाशिम जिल्ह्यातील आसेगाव आणि भोवतालच्या गावांत हा निवाडा विशेष लागू पडतो. इथे मोटारसायकल हे शेतीचे वाहन आहे. तिच्यावर डीएपीची 50 किलोची गोणी, सोयाबीनचे पोते, फवारणीचा पंप, दुधाचे कॅन आणि बरेचदा तिघे जण असतात. अशा गाडीचे शॉक दबलेलेच राहतात आणि चेन दिवसभर ताणाच्या रेषेजवळ फिरते. जुळणी झाल्यावर नेहमीचे वजन मागे बसवून चेन पुन्हा दाबून पाहावी. तेव्हाही ती थोडी हलली पाहिजे. दुसरी अडचण काळ्या मातीची. खरिपात शेतवाटेचा चिखल मडगार्ड, टायर आणि चेन कव्हर यांच्यामध्ये ठासून बसतो आणि वाळला की दगडासारखा होतो. तो चेनवर घासतो, कव्हरचे तपासणीचे भोक बुजवतो आणि ॲडजस्टरचे आटे गंजवतो.

दातांवर सहज वळणारी बुश-रोलर चेन हान्स रेनोल्ड यांनी 1880 मध्ये मँचेस्टरला पेटंट केली. आजची मोटारसायकलची चेन त्याच रचनेची आहे. महाराष्ट्रात बराच काळ घरोघर बजाजची स्कूटर होती. तिचे मागचे चाक इंजिनाला गिअरनेच जोडलेले असे, त्यामुळे चेनचा प्रश्नच नव्हता. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली, पुढच्या वर्षी कावासाकी बजाज केबी 100, मग 1994 मध्ये स्प्लेंडर. त्यानंतर चेनची निगा हा गावोगावचा विषय झाला. सीडी 100 आणि स्प्लेंडरला पूर्ण झाकलेले चेन कव्हर असते. आपल्या धुळीत ही रचना फार उपयोगी ठरली. पण चेन दिसत नसल्यामुळे तिच्याकडे होणारे दुर्लक्षही याच रचनेने वाढवले. कव्हरच्या खालच्या बाजूला रबरी बूच असते. ते काढून आत बोट किंवा पेचकस घालून ढिलाई पाहता येते.

मोजताना आणि जुळवताना इंजिन बंद आणि गाडी न्यूट्रलमध्ये हवी. गिअर टाकून चाक फिरते ठेवायचे आणि चेन पाहायची, ही सवय बोटे तोडणारी आहे. चाक हाताने हळूहळू फिरवून चार-पाच ठिकाणी मोजावे. जुनी चेन सगळीकडे सारखी झिजत नाही आणि स्प्रॉकेटही किंचित वाकडे असू शकते, म्हणून एका जागी चेन आवळ आणि दुसऱ्या जागी सैल लागते. जुळणी नेहमी सर्वांत आवळ जागी करायची. सैल जागी मोजून चेन आवळली, तर आवळ जागा प्रत्येक फेरीत बेअरिंगला झटका देते. दोन जागांतला फरक मोठा असेल तर जुळणीचा उपयोग नाही, चेन बदलावी.

काम सुरू करताना मागच्या ब्रेकच्या रॉडचा नट थोडा सैल करून ठेवावा. ॲक्सलच्या नटला खिळपिन असल्यास ती काढावी, मग ॲक्सल नट आणि ज्या गाडीत आहे तिचा स्लीव्ह नट सैल करावा. दुसरा विसरला की चाक तिरके सरकते. दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरचे लॉक नट सोडून ॲडजस्टर नट अर्धा-अर्धा फेरा, दोन्हीकडे सारखे फिरवावेत. चिमट्यावर खुणा कोरलेल्या असतात. पण वीस-पंचवीस वर्षांच्या, दोन-चार वेळा पडलेल्या गाडीत त्या खुणांवर पूर्ण विसंबू नये. चिमट्याच्या बोल्टच्या मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी दोरीने मोजून पाहावे. मागच्या स्प्रॉकेटचे दात एकाच अंगाने घासून चकाकत असतील, तर चाक वाकडे बसले आहे. नट आवळताना ॲक्सल किंचित सरकतो, म्हणून शेवटी ढिलाई पुन्हा मोजायची. मग खिळपिन नवी घालायची, ब्रेकच्या पेडलचा खेळ जुळवायचा आणि ब्रेकचा दिवा वेळेवर लागतो ना, हे पाहायचे. चाक मागे सरकले की ब्रेक आपोआप बदलतो. घाईत हीच गोष्ट राहून जाते.

चेन ‘वाढते’ असे म्हणतात, तेव्हा लोखंड ताणलेले नसते. प्रत्येक पिन आणि तिचे बुश झिजते आणि शंभरावर कड्यांची ती झीज एकत्र दिसते. 428 क्रमांकाच्या चेनमध्ये दोन पिनांतले अंतर 12.7 मिमी असते, म्हणजे 20 कड्यांची लांबी 254 मिमी. चेन ताणून धरली असता ती 259 मिमीच्या पुढे गेली, म्हणजे सुमारे दोन टक्के वाढली, तर तिचे आयुष्य संपले. अशा चेनमधून दोन कड्या काढून ती चालवण्याची पद्धत सर्रास आढळते. ती टाळावी. चेन आखूड होते, पण उरलेल्या प्रत्येक कडीतले अंतर वाढलेलेच राहते आणि ते स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकडे झिजवते. याच कारणाने चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलतात. दुकानात त्याला चेन सेट किंवा चेन-सॉकेट म्हणतात. जोडकडीची क्लिप बसवताना तिचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवे.

जुन्या साध्या चेनला 90 नंबरचे गिअर ऑइल चालते. आधी केरोसीन किंवा डिझेलने चेन पुसून घ्यावी, मग ऑइल पिना आणि रोलरमध्ये मुरेल असे सोडावे आणि वरचे पुसून टाकावे. इंजिनातून काढलेले काळे ऑइल फुकट मिळते, पण त्यात झिजलेल्या धातूचे कण असतात. उघड्या चेनवर जाड ग्रीस थापले की धूळ चिकटते आणि त्या लगद्याने चेन घासली जाते. पावसाळ्यात शेतातून आल्यावर चिखल ओला असतानाच धुवावा, चेन वाळू द्यावी आणि मगच ऑइल घालावे. नवीन चेन पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये बसते आणि सैल पडते, म्हणून सेट बदलल्यावर एवढ्या अंतरानंतर एकदा ढिलाई मोजून घ्यावी लागते.