लेकरू गप्प का झालं? किशोरवयातलं मन, ऊसतोडीचा हंगाम आणि मदतीची ठिकाणं

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वस्त्या, तांडे रिकामे व्हायला लागतात. वडवणी, धारूर, शिरूर कासार, पाटोदा, केज, आष्टी... ट्रॅक्टर-ट्रॉलीत संसार भरून जोडपी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. लहान लेकरं बरोबर जातात. आठवी-नववीच्या पुढची बरीचशी मुलं मात्र आजीकडं, चुलत्याकडं नाहीतर वसतिगृहात मागं राहतात. आई-बाप परत येतात ते मार्च-एप्रिलमध्ये. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते आणि तिच्या मागोमाग दहावीची. म्हणजे आयुष्यातल्या पहिल्या मोठ्या परीक्षेला लेकरू जातं तेव्हा ‘पेपर कसा गेला’ हे विचारणारं माणूस दोन-तीनशे किलोमीटर लांब, फडात असतं. किशोरवयीन मुलांच्या मनावर शहरात खूप लिहिलं जातं, त्यात ही गोष्ट सहसा नसते. बीडमध्ये सुरुवात इथूनच करावी लागते.

या वयात नेमकं काय होतं?

जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 या वयाला किशोरवय म्हणते. या काळात शरीर झपाट्यानं बदलतं, ते डोळ्यांना दिसतं. मेंदूही बदलत असतो, ते दिसत नाही. राग, भीती, आनंद या भावनांशी जोडलेला मेंदूचा भाग या वयात जोरात असतो. ‘थांब, आधी विचार कर’ असं सांगणारा कपाळामागचा भाग मात्र पूर्ण तयार व्हायला पंचविशीच्या आसपास जावं लागतं. म्हणून चौदा वर्षांचं पोरगं एका शब्दावर ताट सारून उठतं आणि तासाभरानं काहीच न झाल्यासारखं वागतं. त्याला उद्धटपणा म्हणण्याआधी हे ध्यानात घेतलेलं बरं. झोपेचंही तसंच. या वयात आठ ते दहा तास झोप लागते आणि झोपेची वेळ आपोआप पुढं सरकते. सकाळी लवकर न उठणारं पोरगं आळशीच असतं असं नाही. अर्थात रात्री दोनपर्यंत रील बघणं हा वेगळा मामला.

मूड गेलाय की आजार आहे?

रुसवा, एकटं बसणं, आरशासमोर तासभर उभं राहणं हे वयाचं लक्षण. पण उदासी किंवा चिडचिड दोन आठवड्यांहून जास्त टिकली आणि तिच्यामुळं झोप, जेवण, शाळा, मित्र यांवर परिणाम व्हायला लागला, तर डॉक्टरला दाखवायची वेळ आली असं समजावं. निमहान्सनं 2015-16 मध्ये देशातल्या 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या सुमारे 7.3 टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला होता. पन्नास मुलांच्या वर्गाला हाच हिशोब लावला तर तीन-चार मुलं निघतात. वर्गशिक्षकानं डोळ्यांसमोर चेहरे आणून पाहावेत.

खेड्यात अडचण वेगळीच असते. ‘मला उदास वाटतंय’ असं कुणी म्हणत नाही. मुलगी म्हणते डोकं दुखतं, पोटात कळ येते, हातापायात जीव नाही. रक्त तपासलं जातं, सलाईन लागतं, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात ‘नाटकं करते’. मुलगा तर काहीच म्हणत नाही. तो भांडतो, शाळा बुडवतो, पुडी खायला लागतो. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण पुडी मिळते हे सगळ्यांना माहीत आहे. मुलीचं दुखणं आणि मुलाची भांडणं या दोन्हींच्या मागं एकच उदासी असू शकते.

काही वेळा मुलगी अचानक बेशुद्ध पडते, दातखिळी बसते, ओळख न पटल्यासारखं बोलते. ‘बाहेरचं झालं’ म्हणून तिला देवऋषीकडं नेलं जातं. मनावरचा असह्य ताण असा शरीरातून बाहेर पडू शकतो, किंवा ती फिट म्हणजे अपस्मारही असू शकतो. दोन्हींवर उपचार आहेत. कोणतं आहे, हे डॉक्टरच सांगू शकतो. उतारा म्हणून मारहाण करणं, चटके देणं हा तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

मागं राहिलेली मुलगी

बीडमध्ये मुलींच्या मनावरचं सगळ्यात मोठं ओझं बहुतेक वेळा लग्नाचं असतं. 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार जिल्ह्यातल्या 20 ते 24 वर्षांच्या महिलांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं. राज्याचं प्रमाण 21.9 टक्के, म्हणजे बीडचं जवळपास दुप्पट. कारणंही सगळ्यांना ठाऊक आहेत. वयात आलेली पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही आई-बापाची भीती खोटी नाही. शिवाय ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचल जोडीला मिळते. त्यामुळं पोराचंही लग्न लवकर उरकलं जातं.

नववीतली मुलगी दिवाळीआधी अचानक गप्प झाली, वह्या आणेनाशी झाली, तर तिच्या घरी स्थळ बघायला कुणी येऊन गेलं का, हे मॅडमनी हळूच विचारावं. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर मुलगी स्वतः किंवा तिची मैत्रीणही फोन करू शकते. लग्न थांबल्यावरही त्या मुलीला घरातले टोमणे ऐकावे लागतात, गावात नजरा झेलाव्या लागतात. खरं तर तिला आधाराची जास्त गरज तिथून पुढं असते, आणि नेमकं तेव्हाच सगळे पांगलेले असतात.

खोली, क्लास आणि नीट

जिल्ह्यातली हुशार मुलं दहावीनंतर लातूरला जातात. ‘लातूर पॅटर्न’चं नाव मोठं, फी पण मोठी. दोन एकर विकून किंवा कर्ज काढून पोराला ठेवलेलं असतं आणि हे पोराला माहीत असतं. गावात पहिला येणारा तिथं हजारातला एक होतो. टेस्टचे मार्क घसरले की तो घरी फोन करायचं टाळतो, कारण पलीकडून पहिला प्रश्न मार्कांचाच येणार. पालकांनी एक साधी सवय लावून घ्यावी. फोनवर आधी ‘जेवलास का, झोप होते का, रूमवर कोण कोण आहे’ हे विचारावं आणि मार्कांचं शेवटी, तेही त्यानं काढलं तर. निकालाच्या दिवशी लेकराला एकटं ठेवू नये. नापास झाला तर पुरवणी परीक्षा असते आणि आयटीआय, डिप्लोमाचे रस्तेही असतात. हे निकालाच्या आधीच घरात बोलून ठेवलेलं असावं.

कर्ता माणूस गेलेल्या घरात

शेतकरी आत्महत्यांचा आकडा दरवर्षी छापून येतो. त्या घरात मागं राहिलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाचं काय होतं, ते छापून येत नाही. तो रडत नाही, कारण ‘आता तूच कर्ता’ असं दहाव्याच्या आधीच त्याला चार जणांनी सांगितलेलं असतं. अशा मुलाला रडू द्यावं, वडिलांचं नाव घेऊ द्यावं आणि शाळा सोडू देऊ नये. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वी इथं दीपक नागरगोजे यांनी उभं केलेलं ‘शांतिवन’ अशा घरांतल्या आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करतं.

बोलायचं कसं?

समोर बसवून ‘काय झालंय, सांग’ म्हटलं की लेकरू बंद होतं. शेतात पाणी देताना, गाडीवर मागं बसलेलं असताना, भाकरी थापताना ते बोलतं. मध्ये तोडू नये. ‘आमच्या वेळी तर चप्पल पण नव्हती’ हे वाक्य खरं असलं तरी त्या वेळी गिळून टाकावं. उत्तर लगेच देता आलं नाही तरी चालतं.

‘मी नसतो तर बरं झालं असतं’, ‘आता कंटाळा आला सगळ्याचा’ असं लेकरू बोललं, आवडत्या वस्तू वाटायला लागलं, तर ते हसण्यावारी नेऊ नये. ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ असं शांतपणे, सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे; उलट विचारलं की मनावरचा भार हलका होतो. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नये, फवारणीची औषधं कुलपात घालून चावी मोठ्या माणसानं जवळ ठेवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मदत कुठं मिळते?

सगळ्यात सोपी वाट फोनची. ‘टेलिमानस’ ही केंद्र सरकारची मोफत सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. नंबर 14416. चोवीस तास कधीही लावा, मराठीत बोलता येतं. फडातल्या आई-बापालाही तो लावता येतो.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 मध्ये सुरू झाला. त्याखाली सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ असतात. पाळी, शरीरातले बदल, ताण, व्यसन यांवर तिथं समुपदेशक बोलतात. आपल्या जवळचं क्लिनिक कुठं आणि कोणत्या दिवशी असतं, ते आशाताईला विचारावं. बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथं मानसोपचाराची सोय आहे.

‘वेड्याचा डॉक्टर’ ही भीती अजून गेलेली नाही, मुलीच्या बाबतीत तर ‘उद्या लग्नाला अडचण’ हीसुद्धा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. प्रत्येकाला गोळ्याच लागतात असंही नाही. बऱ्याच मुलांना नुसत्या समुपदेशनानं फरक पडतो. गोळ्या दिल्याच तर नैराश्यावरच्या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही, पण बरं वाटलं म्हणून त्या मनानं बंद करू नयेत.

हंगामाला निघण्याआधी आई-बापांनी दोन कामं करावीत. मागं राहणाऱ्या लेकराच्या वर्गशिक्षकाला आणि आशाताईला आपला चालू मोबाइल नंबर द्यावा, आणि फोन करायची वेळ ठरवून टाकावी. कोप्यावर रेंज नसेल तर मुकादमाचा किंवा टोळीतल्या दुसऱ्या कुणाचा नंबरही लिहून ठेवावा.